परीक्षा द्यायची की घ्यायची

१२ जानेवारी

अगं,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसायचो आणि मायन्यापाशीच अडायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. तू माहेरी गेलीस तरी मी दुसऱ्या दिवशी न्यायला हजर. 'प्रिय' लिहिलं की माझं मलाच हसू यायचं. शेवटी म्हटलं, घरात हाक मारतो तसंच लिहावं.

फोनवर बोलणं मला जमत नाही. एक तर ऐकू कमी येतं, त्यात तू ओरडून बोलतेस, आणि मागून जावई विचारतात, "भांडण झालं का?" पत्रात तू कितीही ओरडलीस तरी मला हळू वाचता येतं.

इकडचं सांगायचं तर गॅसचं बटण रोज तपासतो. दार लावून जिना उतरतो आणि अर्ध्यातून परत वर येऊन कुलूप ओढून बघतो. "लावलंय हो, मी पाहिलं" असं म्हणायला तू नाहीस, म्हणून जिना दुप्पट होतो.

आता मुख्य गोष्ट. अर्जाच्या ऑफिसातून कागद आला आहे. पोरीकडे परदेशात कायमचं राहायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हावीच लागते. आपण दोघं एकाच दिवशी गेलो, तू पास झालीस आणि मी नापास. तुला येतात त्याच्या दुप्पट इंग्रजी शब्द मला येतात, तरी तू हसत बाहेर आलीस आणि मी घाम पुसत. आत जाऊन तू काय बोललीस, ते मला आजवर कळलेलं नाही. कागदात लिहिलंय की मला आणखी एकदाच बसता येईल. पुन्हा नापास झालो तर अर्ज कायमचा बंद. मग तू तिथे आणि मी इथे. निघताना तू म्हणाली होतीस, "नापास झालात तर मी परत येईन, त्यात काय एवढं!" त्या एका वाक्यावर माझे दिवस चालले आहेत.

शिकवणी लावली आहे. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई शिकवतात. वयाने आपल्या पोरीएवढ्या, पण दरारा हेडमास्तरांचा. बाकी सगळी तरुण मंडळी, त्यामुळे मला सगळे काका म्हणतात, बाईसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की शब्द मला येतात, माझी गाडी अडते क्रियापदापाशी. "काका, प्रत्येक नामाचं एका क्रियापदाशी लग्न लागलेलं असतं. आपल्याकडे ज्याच्याशी लागतं, त्याच्याशी तिकडे लागत नाही." आपण फोटो काढतो, ते घेतात. आंघोळ आपण करतो, ते तीही घेतात. आपण लक्ष देतो, ते लक्ष 'पे' करतात, वाण्याचं बिल चुकवावं तसं. आपल्याला सर्दी होते, ते सर्दी पकडतात. मी म्हटलं, "बाई, सर्दी काय पाकीटमार आहे?" वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "होमवर्क 'डू', चूक 'मेक'. पाठ करा." म्हणजे गृहपाठ नुसता उरकायचा आणि चूक मात्र घडवायची, रंधा मारून, पॉलिश करून. तसं असेल तर माझ्यासारखा कारागीर नाही.

त्यावरून आठवलं. मागच्या फोनवर तू म्हणालीस की रोज सकाळी तू बेड 'मेक' करतेस. हे काय चाललंय? हाताखाली माणसं असून मला एक पलंग करायला आठवडा लागायचा. तू उभ्या जन्मात कधी पटाशी हातात धरली नाहीस. आणि जावयांना घरात इतके पलंग कशाला हवेत? विकतात की काय? मनाला घोर लागला आहे. नीट खुलासा कर.

मी

३ फेब्रुवारी

अहो,

पत्र वाचून मी इतकी हसले की चिमणी अभ्यास टाकून बघायला आली, आजीला काय झालं म्हणून.

बेड मेक करणं म्हणजे अंथरूण आवरणं! चादर ताणायची, उशी झटकायची, झालं. तुमची पटाशी तुमच्यापाशीच राहू द्या. आणि जावयांना काही बोलू नका, ते स्वतःचं अंथरूण स्वतः आवरतात. तुम्ही कधी आवरलंत? मी फक्त माझं आणि चिमणीचं आवरते, कारण तिच्याच खोलीत मी झोपते.

परीक्षेत मी काय बोलले ते ऐका. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, सकाळी काय करता? मी म्हटलं, "डू टी. डू हजबंड टी. बिफोर टी हजबंड नो टॉक." ती हसली, मग मीही हसले. मग तीच म्हणाली, माझा नवरा पण तस्साच. क्रियापद चुकलं असेल, पण चहा तिला पोचला. तुम्ही मात्र तोंड उघडायच्या आधी मनातल्या मनात वाक्य तासत बसता. तासून तासून लाकूडच उरत नाही, मग समोरच्याला देणार काय?

इथे सगळं ठीक. पोरगी आणि जावई सकाळी कामाला जातात, चिमणीला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे. मधल्या वेळात घर खायला उठतं, म्हणून जरा बाहेर पडते. कोपऱ्यावर कपडे दुरुस्त करून देणारं दुकान आहे. मालकीण चांगली आहे. तिच्यापाशी घटकाभर बसते. तेवढाच जीव रमतो.

थंडी फार आहे, गुडघा बरा आहे. कानटोपी घाला आणि ती तुमची सर्दी पकडू नका. गॅस बंद आहे. मी इथून सांगते, बंद आहे.

तुमची,
मी

२४ फेब्रुवारी

अगं,

परीक्षेची तारीख आली, १८ मार्च. बाई रोज एकेकाला उभं करून प्रश्न विचारतात. माझी पाळी आली की मी वहीत डोकं घालतो.

पण आज लिहायचं कारण वेगळं. रविवारी फोनवर चिमणी आली आणि म्हणाली, "आजोबा, आजी टूक अ जॉब!" लगेच मागून तुझा आवाज, "दे इकडे, काहीतरीच बोलते," आणि तू पावसापाण्याचं विचारायला लागलीस. मी पावसापाण्याचं सांगितलं. पण चिमणीचे शब्द काही डोक्यातून जाईनात. टूक म्हणजे घेतला, उचलला. एवढं आता मला येतं. आणि आमच्या फर्निचरच्या कारखान्यात जॉब म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. बाकावर पकडीत अडकवलेला तुकडा, ज्याच्यावर आपलं काम चाललेलं असतं, तो जॉब. शेजारच्याचा जॉब उचलला म्हणून आमच्याकडे एका माणसाला सगळ्यांसमोर बाहेर काढला होता. चांगला माणूस, पुन्हा उभा राहिला नाही. तू त्या दुरुस्तीच्या दुकानात बसतेस असं लिहिलंस. तिथून कुणाचा काही तुकडा, काही कापड, न विचारता उचललंस का? तुझ्या हातून असं होणार नाही, मला ठाऊक आहे. पण परका मुलूख, तू भाबडी. कुणी 'टेक, टेक' म्हणालं असेल आणि तू घेतलं असशील. पोलीस आले तर तुला काय बोलता येणार? 'डू टी'?

बुधवारी राहवलं नाही. वर्ग सुटल्यावर बाईंना विचारलं, "नात म्हणते, आजी टूक अ जॉब. म्हणजे चोरीच ना?"

बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "काका, जॉब म्हणजे नोकरी!"

"ते मला कळतं हो. पण नोकरी लागते. मिळते. फार तर माणूस नोकरी करतो. ती घेतो कसा? नोकरी काय मांडून ठेवलेली असते, की गेलं आणि घेतली?"

"तिकडे घेतात काका. आजींनी नोकरी धरली."

मी म्हटलं, "नाही बाई, चोरीच असेल." आणि घरी आलो.

आता तू सांग. तिथे तुझे हाल होतात का? पोरीने काही बोलून दाखवलं? मी तुला काही कमी केलं होतं का? तू लिहिलंस घटकाभर बसते. तुझी घटका केवढी असते, तेही कळव.

मी

७ मार्च

अहो,

घटका दहापासून तीनपर्यंतची आहे. हो, नोकरी धरली आहे.

लपवलं, कारण तुम्हाला सांगितलं असतं तर सुई बोटात जाईल, पदर मशीनमध्ये अडकेल, मालकीण फसवेल, सगळ्याची काळजी तुम्ही करत बसला असता. मग तुमच्या काळजीची काळजी मला. चोर मात्र ठरेन असं वाटलं नव्हतं. पोरीला ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना कळवू नकोस, पण मी रोज ऑफिसातून पेन उचलते."

पहिल्या दिवशीची गंमत सांगते. एक माणूस कोट घेऊन आला आणि म्हणाला, "टेक इन." मी कोट उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. तो बिचारा काउंटरपाशी उभाच. मालकीण हसून हसून कापडाच्या ढिगावर पडली. टेक इन म्हणजे शिवण उसवून कोट आत घ्यायचा, अंगाबरोबर करायचा! आता मला सगळं कळतं. गिऱ्हाईक आलं की मालकीण म्हणते, हिला विचारा.

मला तिथे खिडकीपाशी एक खुर्ची आहे. माझी म्हणून आहे. मी नसले तर त्यावर कोणी बसत नाही. आपल्या घरात तुम्ही केलेल्या बारा खुर्च्या होत्या, सगळ्या सुंदर, पण त्यातली माझी कुठली ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रागावू नका, पाहुणे आले की मी उभीच असायचे ना.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. निघताना मी म्हणाले होते, नापास झालात तर परत येईन. तेव्हा ते खरं होतं. आता तसं लिहायला हात उचलत नाही. तुम्ही त्याच भरवशावर असाल म्हणून आधीच सांगते. पास व्हा. नाही झालात तर मी काय करीन, ते मलाही माहीत नाही. मला गोष्टी लपवायची सवय आहे, पण खोटं बोलायची नाही.

चहा पिऊन जा. पेन तपासा. तुम्हाला जे येईल ते त्यांना द्या, तासू नका.

तुमची,
मी

२१ मार्च

अगं,

तुझं पत्र परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळालं. त्याबद्दल मागाहून लिहीन, आधी जे झालं ते सांगतो. ऐकून तू कपाळावर हात मारशील, तर आत्ताच मारून घे.

वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. तुझ्या भावाच्या लग्नात घातलेला कोट घातला होता, खिशाला पेन. काचेच्या दारामागे टेबलाशी एक मुलगी बसलेली, तिकडचीच, आपली भाषा न येणारी. तिने विचारलं, "आर यू टेकिंग द एक्झाम?"

मी विचार केला. टेकिंग म्हणजे घेणारा. परीक्षा घेणारे मास्तर. मी कसली परीक्षा घेणार? मी देणारा. म्हणून ठासून सांगितलं, "नो, नो. आय गिव्हिंग एक्झाम."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरे केस, कोट, पेन. "ओ, सॉरी सर!" म्हणाली आणि उठून उभी राहिली. मला वाटलं, काय संस्कार आहेत! मग ती मला एका खोलीत घेऊन गेली. टेबल, मागे गादीची खुर्ची, पाण्याचा ग्लास, चहा, बिस्किटं. मला त्या खुर्चीत बसवलं. (खुर्चीचा मागचा सांधा ढिला होता, पण ते असो.) मला वाटलं, घाबरलेल्या उमेदवारांना आधी चहा देत असतील. मागच्या खेपेला मी तो न घेताच घाबरलो होतो बहुतेक.

बिस्किट तोंडात असतानाच एक तरुण मुलगी आली. छातीशी फाइल धरलेली, चेहरा पांढराफटक. "गुड मॉर्निंग सर." मी म्हटलं, गुड मॉर्निंग. ती उभीच. म्हटलं, "सिट, सिट." बसली. वाटलं, आपल्यासारखीच परीक्षेची, आपल्यासारखीच घाबरलेली. गप्प बसणं बरं दिसेना. एकच प्रश्न मला न अडखळता येतो, तो विचारला, "व्हॉट यू डू इन द मॉर्निंग?"

तर ती थांबेचना! उठते, आंघोळ 'टेक' करते, नाश्ता 'हॅव' करते, बस 'कॅच' करते, एकेक क्रियापद आपल्या जागी, खाचेत बसवल्यासारखं. मध्येच म्हणाली बेड मेक करते. मी म्हटलं, "ओन्ली चादर? नो वुड?" तिने फाइल पुन्हा छातीशी धरली. मला वाईट वाटलं. म्हटलं, "व्हेरी गुड, व्हेरी गुड. यू पास." मला म्हणायचं होतं, तू पास होशील गं, घाबरू नकोस. तिने ओंजळीत तोंड लपवलं आणि रडायलाच लागली, आनंदाने.

तेवढ्यात दार उघडून खरे परीक्षक आले. उंच, हातात कागदांचा गठ्ठा. ते मला विचारतात मी कोण, मी त्यांना विचारतो ते कोण, मुलगी दोघांकडे बघते. टेबलावरची मुलगी धावत आली. तिकडे परीक्षा 'गिव्ह' करतात ते मास्तर, 'टेक' करतात ती पोरं! सगळं उलगडेपर्यंत पलीकडच्या खोलीत माझा नंबर पुकारून पुकारून बंद झाला होता. परीक्षक हसले नाहीत, फक्त बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आहे. गैरहजर म्हणजे नापास की नाही, ते वरचं ऑफिस ठरवून कळवणार. त्या मुलीची परीक्षा पुन्हा घेतली. ती झाली पास. जाताना तिने मला लांबून हात केला.

मी

४ एप्रिल

अहो,

पोरगी आणि जावई पोट धरून हसले. चिमणीला तर 'नो वुड?' एवढं आवडलं की रोज सकाळी अंथरूण आवरताना मला विचारते. मी हसले नाही.

इतके दिवस त्या बाई शिकवतात, आणि परीक्षा 'टेक' असते हे त्यांनी सांगितलं नसेल, असं मला सांगू नका. आणि नेमकं तेच दारात तुमच्या डोक्यातून जातं? माझं पत्र आदल्या दिवशी मिळालं, हेही तुम्हीच लिहिलंय.

दुकानात परवा एक नवीन शिकले. शिवणाऱ्या पोरीला उशीर झाला की मालकीण म्हणते, "डोन्ट मेक एक्सक्यूज." सबबसुद्धा इथे मेकच करतात. तुमच्यासारख्या कारागिराला काय अवघड? चांगली सागवानी केलीत, सांधासुद्धा दिसत नाही.

तुम्हाला वाटलं असेल, परीक्षा बुडाली की मी खुर्ची सोडून येईन आणि तुमच्यावर बोलही राहणार नाही. मग सरळ लिहायचं होतं, परत ये म्हणून. उभ्या जन्मात तुम्ही सरळ काही मागितलं नाहीत. आमटीत मीठ कमी असलं की "मीठ महाग झालंय का?" अशी तुमची विचारण्याची तऱ्हा. ती ओळखून ओळखून मी जेवण वाढलं. इतक्या लांबून मला ती ओळखता येत नाही हो. आता कंटाळा आला.

मी

१८ एप्रिल

अगं,

पत्र चार वेळा वाचलं. हळू वाचूनही मोठ्यानेच ऐकू आलं.

'टेक द एक्झाम' बाईंनी शिकवलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं, मी उतरवूनही घेतलं होतं. खोटं कशाला बोलू? पण समोर माणूस उभं राहून विचारतं तेव्हा फळा आठवत नाही, शाळेतला मी आठवतो. मी परीक्षा देणारा पोरगा होतो, आणि चौथीनंतर तीही द्यायला मिळाली नाही. मी परीक्षा घेतो असं माझ्या तोंडून निघेचना.

मुद्दाम केलं नाही. शपथ घेतो. आता तिकडे शपथ घेतात की करतात ते मला ठाऊक नाही, पण इकडची घेतो. मात्र एक आहे. त्या इमारतीचा जिना उतरताना पाय हलके वाटत होते. तेवढं तुझं बरोबर आहे. चूक करणं आणि चूक झाल्यावर बरं वाटणं, या दोन गोष्टी वेगळ्या मानशील तर मी सुटलो, एकच मानशील तर अडकलो.

वरच्या ऑफिसचा कागद आला. गैरहजर म्हणजे नापास नाही असं ठरलं. ६ मे ही नवी तारीख. यापुढे नाही.

तू म्हणालीस सरळ मागा. मला तू इथे हवी आहेस. हे झालं सरळ. ही ओळ लिहून मी पेन खाली ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो आणि परत आलो. आता पुढची ओळ. खुर्ची सोडून ये, असं मी म्हणत नाही. हेही सरळच आहे. तुझी खुर्ची कशी आहे, लाकडी की लोखंडी, पाठीला आधार आहे का, एवढं मात्र कळव.

मी

२९ एप्रिल

अहो,

चांगलं लिहिलंत. असं आधी बोलला असतात तर आमटीत मीठ कधी कमी पडलं नसतं.

खुर्ची लोखंडी आहे, पाठीला आधार आहे, मी उशी घेते. कामं खूप आली आहेत, घाईत लिहिते आहे. लोक थंडीचे कपडे ठेवून हलके कपडे काढताहेत आणि सगळ्यांची पोटं वाढली आहेत.

परीक्षेला जा. मनाने जा. पास झालात तर पुढे राहण्याचं वगैरे बघू. इथे घर लहान आहे, माहीतच आहे तुम्हाला. चिमणीच्या खोलीत दोन खाटा कशाबशा मावतात.

कळवा.

तुमची,
मी

२० मे

अगं,

पास झालो.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण तू मधलं सोडून शेवट आधी वाचतेस.

कसं झालं ते सांगतो. या वेळी टेबलावरच्या मुलीने मला ओळखलं. विचारायच्या आधीच म्हणाली, "टेकिंग, सर?" मी म्हटलं, "टेकिंग, टेकिंग." मग बाकावर जाऊन बसलो. बाक भरलेला होता. एक जाड बाई आल्या, हातात पिशवी. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "कॅन यू मेक रूम?"

मी म्हटलं, "नो मॅडम, आय मेक ओन्ली फर्निचर. रूम मेसन मेक."

त्या बघतच राहिल्या. मग हाताने असं असं केलं, बाजूला व्हा म्हणून. शेजारचा माणूस सरकला, म्हणून मीही सरकलो. त्या बसल्या. झालं. बाईंना नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मेक रूम म्हणजे खोली बांधणं नाही काका. आहे त्यातच जागा करून देणं." म्हणजे विटा नकोत, चुना नको, नुसतं सरकायचं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आत तेच उंच परीक्षक. या वेळी त्यांनी चष्मा आधीच पुसून ठेवला होता. म्हणाले, घरच्यांबद्दल सांगा. मी तासलं नाही. म्हटलं, "माय वाइफ टूक अ जॉब." न अडखळता. त्यांनी मान हलवली, "गुड फॉर हर." म्हणजे तिचं चांगलं झालं. मी म्हटलं, "येस." ते येस म्हणायला मला जरा वेळ लागला, पण त्यांनी वाट पाहिली. मग विचारलं, ती काय काम करते? मी तुझी खिडकी सांगितली, कोट सांगितला, टेक इन सांगितलं. ते हसले. चुका पुष्कळ मेक केल्या असतील, मी मोजल्या नाहीत. बाहेर आलो तेव्हा पाय हलके नव्हते, जडही नव्हते, आपले नेहमीचे होते.

कालच परवानगीचा कागद आला. शिक्का आहे, सही आहे. वर्गात बाईंनी सगळ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. मला कुठे बघावं कळेना.

पण त्या कागदावर एवढंच लिहिलंय की मला यायला हरकत नाही. मी यावं की नाही, ते त्यात लिहिलेलं नाही. ते ऑफिसच्या हातात नसावं. तू लिहिलंस, पुढचं बघू. आपल्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. पोरीने सायकल मागितली तेव्हा वर्षभर मी बघूच म्हणत होतो. तू घाईत होतीस म्हणून तसं लिहिलंस, की मनात तसंच होतं म्हणून लिहिलंस, ते मला इतक्या लांबून ओळखता येत नाही. ही तक्रार आता माझी आहे.

घर लहान आहे हे खरं. पण मी नवी खोली मागत नाही. त्या बाकावरच्या बाईंसारखं विचारतो, जरा सरकतेस का? तू दुकानात असशील तेव्हा मी चिमणीला शाळेतून आणीन. तीन वाजता आलीस की चहा मी करीन, 'डू' की 'मेक' ते तू ठरव. जमणार असेल तर 'या' एवढं एकच अक्षर लिही, बाकी काही नको. जमणार नसेल तर तेही सरळ लिही. मी वाईट वाटून घेईन, पण वाचीन.

तिकिटाची चौकशी करून ठेवली आहे, काढलेलं नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय काढणार नाही. पोस्टमन दुपारचा येतो आणि मी हल्ली दुपारी कुठे जात नाही. तेव्हा दुकानातलं काम क्षणभर बाजूला ठेव, आणि जे काय असेल ते लवकर कळव.

मी